‘रद्द’ दिसलं की आधी विचारा, कोणी केलं?

मी स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. भाषांतराच्या वह्यांत दरवर्षी एक चूक हमखास सापडते: सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं कलम ६६-अ ‘रिपील’ केलं. मुलं अभ्यासात कमी पडतात असं नाही. आपल्याकडे तिकीट रद्द, परीक्षा रद्द, कायदाही रद्दच. इंग्रजीत एवढ्या एका शब्दावर भागत नाही.

म्हणून ‘रिपील’ पाठ करण्याआधी कर्ता शोधा. संसदेने किंवा विधिमंडळाने कायदा मागे घेतला, तर रिपील. न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला, तर स्ट्राइक डाउन. २०१५ साली ६६-अ न्यायालयाने घालवलं, म्हणून तिथे रिपील चालणार नाही. तीन कृषी कायद्यांचं उदाहरण मी फळ्यावर तारखांसकट लिहिते. २०२० मध्ये संसदेने ते केले. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयाने स्थगिती दिली, तो स्टे. १९ नोव्हेंबरला पंतप्रधानांनी ते मागे घेण्याची घोषणा केली, पण रिपील तेव्हाही झालं नव्हतं. २९ नोव्हेंबरला दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची संमती मिळाली. कायदा घालवायला दुसरा कायदाच लागतो, हे या तारखांवरून मुलांना पटतं.

उच्चारात ‘पी’ दीर्घ, जोरही त्याच्यावरच. ‘रिपेल’ म्हणालात तर डास पळवण्याचं क्रियापद होईल. ‘अपील’ याच घराण्यातला शब्द, फक्त त्यात पी दोनदा येतो, रिपीलमध्ये एकदाच. जुन्या फ्रेंचमधला मूळ अर्थ ‘परत बोलावणे’.

मराठीत याला नेमका शब्द आहे, निरसन. शंकेचं करतो तेच. राज्याच्या अनेक अधिनियमांत शेवटी ‘निरसन व व्यावृत्ती’ हे कलम असतं, इंग्रजीत ‘रिपील अँड सेव्हिंग्ज’. व्यावृत्ती म्हणजे जुन्या कायद्याखाली घडलेलं राखून ठेवणं. भारतीय न्याय संहितेच्या शेवटच्या, ३५८व्या कलमाने दंड संहितेचं निरसन केलं, तरी १ जुलै २०२४ पूर्वी घडलेला गुन्हा जुन्या संहितेखालीच चालतो.

आता आठवडाभर पेपरातली ‘रद्द’ची वाक्यं वहीत उतरवा. समोर कोणी रद्द केलं ते लिहा, क्रियापद त्यानंतर. परवाना असेल तर रिव्होक, रेल्वेगाडी असेल तर कॅन्सल. कर्ता सापडलाच नाही तर ती ओळ रिकामी ठेवा, अंदाजाने भरू नका. माझ्या वर्गात सर्वांत जास्त वेळ अशा रिकाम्या ओळींवरच जातो.