होपी गावांना जाताना घड्याळ फिनिक्सवर ठेवा
मार्च ते नोव्हेंबर अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातल्या नावाहो आदिवासी भागातली घड्याळं एक तास पुढे असतात. त्या भागाच्या पोटात वसलेली होपी जमातीची भूमी मात्र वेळ बदलत नाही, उरलेल्या ॲरिझोनासारखीच. ट्युबा सिटी नावाहो, तर तिला खेटून असलेलं मोएनकोपी होपी! टॉवर बदलला की फोन तासभर उडी मारतो आणि वाल्पी या होपी गावातली गाईडबरोबरची फेरी हुकते. म्हणून सेटिंग्जमध्ये आपोआप वेळ बंद करून ॲरिझोनाची राजधानी फिनिक्स निवडा.

विन्स्लोहून राज्यमार्ग ८७ ने होपींचं सेकंड मेसा साधारण १०० किमी. टाकी विन्स्लोतच भरा. गावांत फोटो, व्हिडिओ, रेखाटन, ध्वनिमुद्रण सगळ्याला बंदी आहे, ‘लांबून एकच’ हेही चालत नाही. कॅमेरा सरळ डिकीत टाका. दारू गाडीतसुद्धा नको.