किनाऱ्यावर जुनी नाणी शोधताय? या चुका टाळा

कळंगुटच्या कोरड्या वाळूवर शांतपणे चालणारा मेटल डिटेक्टर पाण्याच्या रेषेपाशी नेला की किंचाळायला लागतो. मशीन बिघडलं असं समजून लोक ते दुरुस्तीला देतात किंवा मिळेल त्या किमतीला विकून मोकळे होतात. बहुतेक वेळा मशीनला काहीच झालेलं नसतं. वरची कोरडी वाळू, मधली ओली वाळू आणि लाटांचा पट्टा या मशीनच्या लेखी तीन वेगळ्या जमिनी आहेत आणि पहिल्या जमिनीची सेटिंग दुसरीवर चालत नाही. किनाऱ्यावरच्या निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

ओल्या वाळूत एकाच फ्रिक्वेन्सीचं मशीन

खारं पाणी विजेचं वाहक असतं. त्यामुळे ओली वाळू कॉइलला (मशीनच्या टोकाच्या तबकडीला) हलक्या धातूसारखा प्रतिसाद देते, आणि तोही चॉकलेटचा चंदेरी कागद किंवा बारीक सोनं जिथे दिसतं, मशीनच्या पडद्यावरच्या नेमक्या त्याच आकड्यांत. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या व्हीएलएफ (अतिकमी फ्रिक्वेन्सीच्या) मशीनला हा गोंधळ पूर्णपणे सोडवता येत नाही. असं मशीन असेल तर कोरड्या वाळूतच राहा. हट्टाने पाण्याकडे जाऊन हाती काही लागत नाही. बीच मोड असलेलं मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन असेल तर मात्र पुढच्या क्रमाने जा:

१. ओल्या वाळूवर, आसपास धातू नाही अशी जागा शोधा. कॉइल १५ सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरपर्यंत वरखाली करत ग्राउंड बॅलन्स करा, म्हणजे मशीनला त्या जमिनीशी जुळवून घ्या.
२. सेन्सिटिव्हिटी (मशीनची संवेदनक्षमता) सर्वांत वर ठेवू नका. मशीन गप्प होईपर्यंत एकेक पायरी खाली आणा.
३. जुनं कॉपर-निकेलचं एखादं नाणं दोऱ्याला बांधून १० ते १५ सेंटिमीटर खोल पुरा आणि दोन्ही बाजूंनी कॉइल फिरवून पाहा. आवाज स्पष्ट नसेल तरच सेन्सिटिव्हिटी थोडी वाढवा.
४. पाण्याच्या आणखी जवळ सरकलात की बॅलन्स पुन्हा करा.

त्यानंतरही खोटे आवाज येत असतील तर चालण्याची दिशा तपासा. समुद्राकडून माडांकडे अशा आडव्या फेऱ्या मारल्या तर प्रत्येक पावलागणिक ओल बदलते आणि मशीन चुकतं. पाण्याच्या रेषेला समांतर चाला. कॉइल वाळूपासून ३-४ सेंटिमीटरवर, एकाच उंचीत ठेवा. झाडू मारल्यासारखा फेरीच्या टोकाला हात वर गेला की तिथे हमखास खोटा आवाज येतो.

पल्स इंडक्शनचं (विजेचे ठोके सोडून धातू शोधणारं) मशीन खाऱ्या पाण्याला फारसं भीत नाही, पण लोखंड आणि चांदी यांत ते नीट फरक करत नाही. शॅकच्या मागे, खिळे आणि तारांच्या गर्दीत ते चालवणं म्हणजे दिवसभर खिळे गोळा करणं. स्वच्छ ओल्या वाळूवर मात्र त्याला तोड नाही.

काळी वाळू आणि जांभा

गोव्यात ही भर पडतेच. वाळूतल्या काळ्या रेघा जड खनिजांच्या असतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत लोहचुंबक घालून त्या रेघेवरून फिरवा. कण चिकटले तर तिथे मॅग्नेटाइट आहे. अशा वाळूला लागणारा बॅलन्स खाऱ्या पाण्याच्या अगदी उलट बाजूचा असतो, त्यामुळे काळी वाळू ओली असेल तर साध्या मशीनचा नाद सोडा. हणजूण, वागातोरकडे जांभ्याच्या दगडांत लोह भरपूर. सुटा दगड कधीकधी नाण्यासारखा वाजतो. कॉइलच्या फेरीचा वेग बदलला की आवाज बदलतो किंवा एकाच दिशेने येतो, तर तो बहुधा दगड. नाणं दोन्ही दिशांनी सारखं वाजतं.

डिसेंबरात जुनं शोधणं

पावसाळ्यात लाटा किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात, आणि ऑक्टोबरपासून ती हळूहळू परत येते. पर्यटकांच्या हंगामात येणारे लोक त्या नव्या थराखाली पोचतच नाहीत; त्यांना मिळतं ते गेल्या महिन्यात पडलेलं. सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, जिथे वाळूचा काठ कापला गेलाय त्याच्या पायथ्याशी आणि खडी किंवा चिकणमाती उघडी पडलीय तिथे पाहा. जड वस्तू खाली खाली जात अशा कडक थरावर थांबतात. ओहोटी अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची धरा, पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी उतरा आणि भरती लागली की वर या. हेडफोन कानाला असताना मागून आलेली लाट ऐकू येत नाही. लाल झेंडा असेल त्या दिवशी पाण्यात पाय घालूच नका.

डिस्क्रिमिनेशन जास्त लावणं

गोव्यात सर्वांत जास्त सापडतात ती बिअरची बुचं. त्यांना कंटाळून लोक डिस्क्रिमिनेशनने, म्हणजे नको त्या धातूंचे आवाज गाळणाऱ्या सेटिंगने, अर्धी स्केल बंद करतात, आणि बुचांबरोबर नाणीही जातात. पोर्तुगीज काळातली नाणी एका धातूची नाहीत. १८८१-८२ ची रुपिया चांदीची, ११.६६ ग्रॅमची, उंच आणि स्पष्ट आवाज देणारी. १९५८ पासून आलेल्या एस्कुदोच्या (पोर्तुगीज चलनाच्या) मालिकेत कॉपर-निकेल आणि ब्राँझ आहे. कॉपर-निकेल मधल्या-खालच्या आकड्यांत, कचऱ्याच्या शेजारीच बसतं. जुने बझारुक (कमी किमतीची नाणी) तांब्याचे, कथलाचे, शिशाचे. लहान असले तर आवाज फिका.

म्हणून फक्त लोखंड बंद ठेवा, बाकी खणा. बुचाची परीक्षा अशी: आवाज आल्यावर कॉइल हळूहळू स्वतःकडे ओढा. वस्तू कॉइलच्या कडेखाली आल्यावर आवाज लोखंडासारखा झाला तर बूच. आजकालचे स्टीलचे रुपयेही असाच घोळ घालतात, तेव्हा हा निकाल अंतिम मानू नका.

खणण्यातल्या चुका

फावडी थेट आवाजावर मारली की नाण्यावर ओरखडा ठरलेला. आवाजाच्या मागे १० सेंटिमीटरवर घाला. वाळू चाळणाऱ्या फावडीच्या जाळीची भोकं ८ मिलिमीटरपेक्षा मोठी नकोत. स्टीलची फावडी कॉइलपासून लांब ठेवा. काही निघालं तरी खड्डा पुन्हा तपासा, मग बुजवा. सकाळी धावायला येणाऱ्याचा पाय तिथेच मुरगळतो. वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या पट्ट्यात खणू नका. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे कासवं अंडी घालतात. घरटं दीड फुटाच्या आसपास खोल असतं, हिवाळा-उन्हाळ्यात तिथे फावडी नकोच.

कायदा

‘समुद्राने दिलं, माझं झालं’ ही सर्वांत महाग चूक. १८७८ च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय, अंदाजे किती, कुठे आणि कधी. दडवल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२ च्या पुरावस्तूंच्या कायद्याने पुरावस्तू. खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. आग्वादचा वरचा किल्ला केंद्र सरकारच्या संरक्षणाखाली आहे, त्याच्या आसपास मशीन बाहेर काढू नका.

घरी आणल्यावर

चिंच, लिंबू, पितांबरी, सगळं बाजूला ठेवा. घासलं की अक्षरं आणि किंमत दोन्ही जातात, आणि कळवायचं असेल तर आहे त्या स्थितीतच दाखवावं लागतं. कोरडं होऊ न देता डिस्टिल्ड पाण्यात ठेवा, पाणी आठवड्याला बदला. तांब्या-ब्राँझवर फिकट हिरवी भुकटी दिसली तर ती क्लोराइडची. आतला धातू खाल्ला जातोय. असं नाणं इतर नाण्यांजवळ ठेवू नका.

मशीनला त्याच संध्याकाळी गोडं पाणी लागतं. कॉइल, दांडा, कॉइलच्या झाकणाखाली अडकलेली वाळू. हे झाकण आठवड्यातून एकदा काढा. आत अडकलेली काळी वाळूच पुढच्या वेळी खोटे आवाज देते. कॉइल जलरोधक असली तरी कंट्रोल बॉक्स तसा असेलच असं नाही. नळाखाली धरण्याआधी मॅन्युअल पाहा, सेल काढा, आणि केबल दांड्याला घट्ट गुंडाळा, कारण लोंबणारी केबलही मशीनला नाणं वाटते.