उबुंटू कोणतं टाकायचं? आधी मुदत बघा

"लिनक्स टाकायचं ठरवलंय, पण व्हर्जन कोणतं घेऊ?" ज्युनियर मुलं हे विचारतात तेव्हा मी उबुंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीमच्या एका प्रकारापुरतंच सांगतो, कारण तिथली चूक मी स्वतः केली आहे.

२०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी लॅपटॉपवर उबुंटूची २३.१० ही आवृत्ती टाकली. शेजारीच २२.०४ होतं, पण नवं मिळत असताना जुनं कशाला घ्यायचं, असं वाटलं. पुढच्या दिवाळीला प्रोजेक्टसाठी एक पॅकेज, म्हणजे सॉफ्टवेअरचा गठ्ठा, हवं होतं. टर्मिनलमध्ये 'सुडो ॲप्ट अपडेट' ही पॅकेजेसची यादी ताजी करणारी आज्ञा दिली, तर एकामागून एक ओळी '४०४ नॉट फाउंड'च्या, म्हणजे फाइल सापडत नसल्याच्या. ब्राउझर व्यवस्थित चालत होता, तरी दोन तास मी वाय-फायच तपासत बसलो. २३.१० ची मुदत जुलै २०२४ मध्येच संपली होती आणि त्याची पॅकेजेस जुन्या आवृत्त्यांच्या सर्व्हरवर हलवली गेली होती. मधले तीन-चार महिने एकही सुरक्षा अपडेट नव्हता, आणि त्याच मशीनवर मी बँकेचे व्यवहार करत होतो. ते आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

उबुंटूचा आकडा म्हणजे वर्ष आणि महिना. २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४. दर एप्रिल आणि ऑक्टोबरला नवी आवृत्ती येते, पण साध्या आवृत्तीला अपडेट मिळतात नऊच महिने. सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते ती एलटीएस, म्हणजे लाँग टर्म सपोर्टवाली. तिला पाच वर्षं मिळतात. इंजिनिअरिंगची चारही वर्षं त्यात निघतात. शिकणाऱ्याने एलटीएसच घ्यावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

लॅपटॉप नवाकोरा असेल तर २४.०४.२ किंवा त्यापुढची आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) घ्या. आवृत्ती तीच, पण कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, नवा असतो, त्यामुळे नवं हार्डवेअर ओळखलं जाण्याची शक्यता वाढते. रॅम चारच जीबी असेल तर लिनक्स मिंट या दुसऱ्या प्रकाराचं एक्सएफसीई हे हलकं रूप बघा. तेही उबुंटूच्या एलटीएसवरच उभं आहे.

इन्स्टॉल करण्याआधी पेनड्राइव्हवरून बूट करून तासभर वापरा. वाय-फाय लागतं का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर मशीन जागं होतं का? कीबोर्डमध्ये मराठी जोडा आणि 'ज्ञानेश्वर' टाइप करून बघा.

पुढच्या एलटीएसवर जाण्याची घाई मात्र नको. तिची .१, म्हणजे पहिली सुधारित आवृत्ती आल्यावर सिस्टीम स्वतःच विचारते. तेव्हा होम फोल्डरची, म्हणजे तुमच्या स्वतःच्या फायलींची, कॉपी बाहेरच्या डिस्कवर घ्या आणि मगच 'अपग्रेड' दाबा.