सासर दुसऱ्या राज्यात असलं तरी तक्रार माहेरच्या ठाण्यात कशी द्यायची

देगलूरची पोरगी निजामाबादला दिली, उदगीरची बीदरला, आपल्याकडं सोयरिक करताना राज्य कोणतं हे कुणी बघत नाही. पण मार खाऊन पोरगी लेकरं घेऊन माहेरी आली आणि ठाण्यात गेली की पहिलं वाक्य हेच ऐकू येतं, बाई घटना तिकडं घडली ना मग तिकडंच जाऊन द्या तक्रार. अहो तिकडं परत जायची हिंमत असती तर ती रातोरात एसटीत बसून आली कशाला असती?

सुप्रीम कोर्टानं ९ एप्रिल २०१९ ला रूपाली देवीच्या केसमध्ये हा प्रश्न मिटवलाय. छळामुळं घर सोडून बाई जिथं आसऱ्याला आली तिथंही ४९८अ ची, म्हणजे नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी छळल्याची केस चालते, कारण अंगावरचे वळ गेले तरी मनाचा त्रास माहेरीही चालूच असतो. जुन्या दंड संहितेतलं तेच ४९८अ आता नव्या भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत आणि वर दंड. म्हणून ठाण्यात सरळ म्हणायचं की मी आता इथंच राहते, त्रास इथंही चालूच आहे, तपास इथूनच करा. आणि जबाबात तिकडून येणारे फोन, धमक्या, सासरच्यांनी ठेवून घेतलेलं सोनं सगळं तारखेसहित लिहून घ्यायला लावा, हे लोक विसरतात आणि नंतर लई जड जातं.

तरी हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर मागा, म्हणजे गुन्हा दुसऱ्या हद्दीतला असला तरी इथं नोंदवून तिकडच्या ठाण्याला पाठवायची तक्रार. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय, हद्द कुठलीही असो नोंदवून घ्यायचंच, कॉपी फुकट द्यायची. नाहीच घेतलं तर एसपींना पोस्टानं लेखी पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज.

ऊसतोडीला गेलेल्या बायांचं मात्र जास्त अवघड आहे. नवरा बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला दोघांची एकच जोडी, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे दोघांच्या डोक्यावर, कर्नाटकातल्या फडावर नवऱ्यानं मारलं तर भाषा येत नाही आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत सुटकाही नाही. तिथं ११२ लावा, जवळच्या सरकारी दवाखान्यात नवऱ्यानं मारलं असंच सांगा, पडले म्हणू नका, आणि तो कागद जपून गावी आणा. गावी येऊन नवऱ्यासोबतच राहत असाल तर झिरो एफआयआर होईल पण तपास बहुतेक तिकडच्या पोलिसांकडं जाईल, म्हणून माझ्या मते अशा बाईनं २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज आधी करावा. तो तुम्ही तात्पुरत्या राहता त्या गावच्या कोर्टातही चालतो, या कायद्यासाठी नेमलेले सरकारी संरक्षण अधिकारी तो भरून देतात, आणि मिळालेला आदेश अख्ख्या देशात लागू. नवऱ्यानं संरक्षणाचा आदेश मोडला तर १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका, तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं जा, बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही.