स्वयंसेवक म्हणून जर्मनीत वर्षभर राहायला जाताना: कोल्हापूरच्या तरुणांसाठी मार्गदर्शन

जर्मनीत वृद्धाश्रम, बालवाडी, रुग्णालय किंवा दिव्यांगांच्या संस्थेत साधारण वर्षभर सेवा करण्याची संधी भारतीय तरुणांनाही मिळते. यातील एफएसजे, म्हणजेच स्वैच्छिक सामाजिक वर्ष, ही योजना 27 वर्षे पूर्ण न झालेल्यांसाठी आहे, तर सक्तीची लष्करी सेवा स्थगित झाल्यावर 2011 मध्ये सुरू झालेल्या संघीय स्वयंसेवेत त्याहून मोठ्या वयाच्या व्यक्तीही सहभागी होऊ शकतात. या काळात पगार मिळत नाही. हातखर्चाचे पैसे आणि विमा मिळतो, आणि अनेक ठिकाणी राहण्या-जेवण्याची सोय किंवा तिचा मोबदलाही मिळतो. निवड झाली की घरात आनंदीआनंद होतो, नातेवाईक भेटायला येतात. तिथे गेल्यावर रुळायचे कसे, याचा विचार मात्र मागे राहतो. घराची आठवण येणार, ती कोणालाच टळत नाही. परंतु रखडलेली कागदपत्रे आणि रिकाम्या संध्याकाळी या दोन गोष्टी ती आठवण असह्य करतात, आणि दोन्हींची तजवीज आपल्या हातात असते.

निघण्यापूर्वी

संस्थेबरोबरचा लेखी करार आधी नीट वाचावा. कामाचे तास, हातखर्चाची रक्कम, रजा, राहण्याची जागा आणि मार्गदर्शक व्यक्तीचे नाव या बाबी त्यात स्पष्ट असाव्यात. नसतील तर ई-मेलने विचारून उत्तर लेखी घ्यावे. असे विचारणे तिथे उद्धटपणाचे मानले जात नाही.

मुलांमध्ये किंवा रुग्णांमध्ये काम असेल, तर दोन कागद विशेष महत्त्वाचे ठरतात. एक म्हणजे पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. तो पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज करून मिळवता येतो. दुसरा कागद बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, तो म्हणजे लसीकरणाची नोंद. मार्च 2020 पासून जर्मनीत बालवाड्या, शाळा आणि रुग्णालये यांत काम करणाऱ्यांना, जन्म 1970 नंतरचा असल्यास, गोवरापासून संरक्षण असल्याचा पुरावा द्यावा लागतो. लहानपणीचे लसीकरणाचे कार्ड आईने कपाटात कुठेतरी जपून ठेवलेले असते. ते शोधून डॉक्टरांकडून इंग्रजीत नोंद करून घ्यावी आणि कार्ड सापडत नसेल तर काय करावे, हेही त्यांनाच विचारावे.

सामान भरताना आईच्या हाताला थोडा आवर घालावा लागतो. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ सोबत नेण्यास बंदी आहे, त्यामुळे तूप, पेढे आणि बर्फी घरीच ठेवावी. कांदा-लसूण चटणी, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी नेता येते. ती घट्ट बंद करून न्यावी. थंडीचा जाड कोट मात्र तिथेच घ्यावा, कारण इकडे मिळणारा कोट तिथल्या हिवाळ्यात अपुरा पडण्याची शक्यता असते. जुन्या कपड्यांच्या दुकानांत तो स्वस्तात मिळतो.

पहिले दोन आठवडे

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत स्थानिक कार्यालयात पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. बँकेचे खाते आणि निवास परवाना यांसारखी पुढची बरीच कामे या नोंदणीवर अवलंबून असतात, म्हणून तिला प्राधान्य द्यावे. व्हिसाची मुदत वर्षभराहून कमी असेल, तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ त्याच आठवड्यात मागून ठेवावी. ती लवकर मिळत नाही.

याच सुमारास एक छोटे काम करायचे असते, ते म्हणजे टपालपेटीवर आपले नाव लावणे. तिथे टपाल वाटणारा माणूस पेटीवरचे नाव पाहून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जाते, आणि बँकेचे कार्ड, करक्रमांक, विम्याची कागदपत्रे सगळे टपालानेच येते. महाराष्ट्रातील अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचे नाव असते आणि तिकडचे लोक ते दोन्ही तुमचेच नाव समजतात. म्हणून पेटीवर आडनाव ठळक लिहावे आणि सर्व अर्जांत नाव पासपोर्टप्रमाणेच, अक्षरशः तसेच, लिहावे.

घरातील कचरा वेगवेगळ्या डब्यांत कसा टाकायचा, हे सोबत राहणाऱ्यांना पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे. रात्री दहानंतर आणि रविवारी आवाज होऊ देऊ नये. शेजाऱ्यांशी खटके बहुधा यावरूनच उडतात.

कामाच्या ठिकाणी

वृद्धाश्रमात सकाळी पाव कापून, त्यावर लोणी आणि जॅम लावून ताट समोर ठेवायचे, एवढे काम पहिले काही दिवस मिळेल. ते मन लावून करावे. एखादे आजोबा थरथरत्या हाताने स्वतःच लोणी लावू पाहत असतील, तर सुरी त्यांच्या हातातून घेऊ नये; ताट थोडे जवळ सरकवून शेजारी थांबावे. आपल्याकडे वडीलधाऱ्यांची कामे आपण आपुलकीने हातातून काढून घेतो, पण तिथे माणसाला जेवढे जमते तेवढे त्याचे त्याला करू देणे हाच सेवेचा भाग मानला जातो. हे अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि मला वाटते की, या वर्षातले सर्वांत मोलाचे शिक्षण तेच आहे.

सूचना समजली नसेल तर मान डोलावू नये. ‘पुन्हा हळू सांगाल का?’ हे वाक्य जर्मनमध्ये पाठ असावे. वर्षभराच्या सेवेत 25 दिवस प्रशिक्षण शिबिरांचे असतात. तिथे इतर स्वयंसेवक भेटतात, त्यामुळे ती चुकवू नयेत. कामाबद्दल तक्रार असल्यास मार्गदर्शकाला लवकर सांगावे. साठवून ठेवलेली नाराजी शेवटी घरी परतण्याच्या निर्णयापर्यंत नेते.

संध्याकाळ आणि रविवार

अनेक घरांत गरम जेवण दुपारी असते आणि संध्याकाळी पाव, चीज अशा थंड पदार्थांवर भागवतात. रात्री नऊला गरम भाकरी आणि रस्सा खाणाऱ्याला हे जड जाते, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी स्वतः गरम स्वयंपाक करावा आणि शक्य झाल्यास सोबत्यांनाही जेवायला बसवावे. कोल्हापूरची वेळ तिथल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते; हिवाळ्यात तिथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा घरी रात्रीचे साडेदहा झालेले असतात. त्यामुळे रोज रात्री फोनची वाट पाहण्यापेक्षा रविवारी सकाळची वेळ ठरवून निवांत बोलावे.

रविवारी दुकाने बंद असतात आणि डिसेंबरात चार-साडेचारलाच अंधार पडतो. शनिवारी किराणा आणून ठेवावा आणि रविवारी दुपारी, उजेड असेपर्यंत, बाहेर पडावे. ओळखी जोडण्यासाठी क्रीडामंडळासारखी दुसरी जागा नाही. आपल्या पेठांमध्ये जशी तालीम मंडळे आहेत, तशी तिथे गावोगाव सभासदांच्या वर्गणीवर चालणारी मंडळे असतात, आणि शाहू स्टेडियमवर सामने पाहत वाढलेल्या मुलाला फुटबॉलच्या सरावात भाषेची अडचण फारशी जाणवत नाही. सभासद होण्याआधी एक-दोन वेळा सरावाला येऊ देतात का, हे मंडळाला ई-मेल करून विचारावे. मुलींचे आणि हौशी खेळाडूंचे गट वेगळे असू शकतात, म्हणून कोणत्या गटात यायचे तेही विचारावे, आणि खेळाचे बूट घरूनच घेऊन जावेत.