दिवस गेलेत? आधी दोघांचं एचबीए२ करून घ्या

मी इंदूरच्या एका लॅबमध्ये रक्ततपासणीचं काम करते. थॅलेसेमिया आणि सिकल सेल या आईबापांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजारांचे रिपोर्ट रोज हाताखालून जातात. पाचवा महिना लागल्यावर पहिल्यांदा तपासायला आलेलं जोडपं बघितलं की जीव तुटतो, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पोटातल्या बाळाची तपासणी सुईने सुरू होत नाही, आईबापांच्या रक्ताने सुरू होते. दिवस गेल्याचं कळलं की त्याच आठवड्यात सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) करा. उपाशीपोटी यायची गरज नाही. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये दोन-तीन मिली रक्त पुरतं. सीबीसीत एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८० च्या खाली आणि आरबीसीची, म्हणजे लाल पेशींची, संख्या मात्र भरपूर दिसली, की आम्ही लॅबवाले लगेच सावध होतो. एचपीएलसीत एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) साडेतीन टक्क्यांच्या वर, बहुधा ४ ते ६ च्या दरम्यान आलं, तर ती व्यक्ती थॅलेसेमिया मायनर, म्हणजे त्या आजाराची वाहक. मायनर म्हणजे आजार नव्हे. त्या माणसाला औषध लागत नाही, त्याचं आयुष्य तुमच्या-माझ्यासारखंच असतं.

बायकोचा आकडा काठावर, म्हणजे ३.३-३.४ असा आला आणि अंगात लोह कमी असलं, तर नीट लक्ष द्या. लोहाच्या कमतरतेने ए२ थोडं खाली दिसू शकतं. एरवी गोळ्या घेऊन पुन्हा तपासता येतं, पण गरोदरपणात तेवढा वेळ नसतो. नवऱ्याचं रक्त लगेच घ्या. तो मायनर निघाला, तर बायकोची थेट डीएनए तपासणी करा. गेल्या तीन महिन्यांत कुणाला रक्त चढवलं असेल तर तेही आधी सांगा, नाहीतर रिपोर्ट फसवा येतो.

‘आपण होळकरांच्या काळापासून इथले, आपल्यात असलं काही नसतं,’ हे मी लोकमान्य नगरातल्या कितीतरी काकूंकडून ऐकलं आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा समाजांत प्रमाण जास्त आहे हे खरं, पण मराठी घरांतही मायनर सापडतात. शिवाय झाबुआ, अलिराजपूर, बडवानी हा सिकल सेलचा पट्टा आपल्याला लागूनच आहे. राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला आपल्याच मध्य प्रदेशातून, शहडोलहून सुरू झाली, ती उगाच नाही. आणि एक सिकलचा वाहक, दुसरा थॅलेसेमिया मायनर, अशी जोडी असली तरी बाळाला गंभीर आजार होऊ शकतो. हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

दोघेही वाहक निघाले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० आणि पूर्ण मोकळं असण्याची २५. पहिलं मूल धडधाकट आहे म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही.

आता वेळेचं गणित. दोघांच्या बीटा-ग्लोबिन या हिमोग्लोबिन घडवणाऱ्या जनुकात नेमका कोणता बदल आहे, हे आधी शोधावं लागतं. लॅबला तो माहीत असला की बाळाच्या नमुन्यात नेमका तोच बघता येतो. त्याला दिवस जातात, म्हणून घाई. ११ ते १३ आठवड्यांत सीव्हीएस करतात: सोनोग्राफीत बघत पोटातून सुई घालून वारेचा कणभर भाग घ्यायचा. तो नमुना मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आहे. वारेचे पांढरे झुबके पाण्यात पसरलेल्या कापसाच्या तंतूंसारखे दिसतात आणि आईच्या पेशींचा भाग बारीक चिमट्याने वेगळा करावा लागतो. तो मिसळला तर बाळाऐवजी आईचाच रिपोर्ट निघायचा! म्हणूनच त्या दिवशी आईचं रक्तही घेतात. ही वेळ हुकली तर साधारण सोळाव्या आठवड्यापासून गर्भजलाची तपासणी होते. त्यात १५-२० मिली पिवळसर पाणी काढतात. दोन्हींत गर्भपाताचा धोका असतो, पण सरावलेल्या हातात तो एक टक्क्याहून कमी. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनचं डॉक्टरांना आवर्जून विचारा. आणि आईच्या रक्तातून होणारी नेहमीची एनआयपीटी डाउन सिंड्रोमसारख्या आजारांच्या चाळणीसाठी असते, थॅलेसेमियाचं उत्तर तिच्यातून मिळत नाही.

जाताना दोघांचे मूळ रिपोर्ट, सोनोग्राफी आणि आधी आजारी मूल असेल तर त्याची फाईल घ्या. पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखाली नोंदणी असलेल्या केंद्रातच जा. संमतीपत्र तुम्हाला कळणाऱ्या भाषेत असलं पाहिजे आणि त्याची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे, हा तुमचा हक्क आहे. मुलगा की मुलगी हे विचारू नका. ते सांगणं गुन्हा आहे.

रिपोर्टमध्ये बाळ ‘वाहक’ आलं तर घाबरायचं काहीच नाही, ते तुमच्यासारखंच असेल. गर्भ पाडायचा विचारही मनात आणू नका. ‘मेजर’, म्हणजे आजाराचं गंभीर रूप, आलं तर निर्णय सर्वस्वी तुमचा, त्यातही त्या बाईचा. सासूबाईंचा नाही, आमचा तर नाहीच. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. त्यापुढे दोन डॉक्टर, आणि २४ नंतर मेडिकल बोर्ड. बाळ ठेवायचं ठरलं, तर नियमित रक्त, लोह उतरवायची औषधं आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांट याविषयी आत्तापासूनच डॉक्टरांशी बोलून ठेवा.

जन्मल्याबरोबर बाळाचं एचपीएलसी करून ‘मायनर आहे का’ विचारू नका. तेव्हा रक्तात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं, उत्तर वर्षभरानंतर मिळतं. तोवर दीर, नणंद, भाऊ, बहीण यांच्यापैकी कुणाचं लग्न ठरायचं असेल, तर त्यांना लॅबमध्ये पाठवा.