पीसझडीच्या काळात आजारी कोंबडीची निगा

दिवस लहान होऊ लागले की परसातली कोंबडी जुनी पिसे टाकते व अंडी देणे थांबवते. ही पीसझड साधारण 8 ते 12 आठवडे चालते आणि तो आजार नव्हे. मात्र तुरा काळवंडला, विष्ठा हिरवट-पातळ झाली किंवा ती डोळे मिटून, मान आखडून बसू लागली, तर तिला इतरांपासून वेगळे करून कोरड्या, उबदार जागी ठेवावे आणि विनाविलंब पशुवैद्यकांना दाखवावे, कारण ही लक्षणे राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाचीही असू शकतात. पिसे बहुतांशी प्रथिनांचीच बनलेली असल्यामुळे नेहमीच्या खाद्यात थोडी सोयाबीन पेंड किंवा उकडलेले अंडे मिसळावे. खारवलेली सुकट टाळलेली बरी. नव्या पिसांच्या निळसर खुंटांत रक्त असते व ते दुखतात, म्हणून गुदद्वाराभोवती उवा आहेत का हे एकदा हलक्या हाताने पाहून तिला पुन्हा उगाच उचलू नये.